चान्या कुठल्या खणात?

आमची आजी दोरीवर चान्या वाळत घालायची तेव्हा शेजारचं दार बंद व्हायचं. आता संगणकवाले जगातल्या सगळ्या अन्नाची वर्गवारी करतायत. तिथं चान्या कुठं बसतील? हा प्रश्न जितका पोटाचा, तितकाच विचाराचा.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक पद्धत सुरू झाली. पुढं तिला लँगुआल म्हणू लागले. तिच्यात अन्न एका खणात कोंबत नाहीत, त्याला प्रश्न विचारतात. कुठल्या प्राण्याचं, कुठल्या झाडाचं? कुठला भाग? शिजवलंय का? टिकवलं कसं? याच पायावर फूडऑन नावाची मांडणी उभी राहिली. तिचा निबंध २०१८ साली छापून आला.

मग चान्यांचं उत्तर सरळ आहे. जनावराचं मांस, कच्चं, उन्हात वाळवलेलं. बस्स. विटाळाचा रकानाच नाही.

आपली वर्गवारी बघा. गीतेच्या सतराव्या अध्यायात अन्नाचे तीन प्रकार माणसांच्या तीन प्रकारांवर बेतलेत. आजचा पाकिटावरच्या खुणेचा नियम म्हणतो, प्राण्यापासून आलेलं ते मांसाहारी. आणि लगेच दूध नि मध वगळतो. दूध काय झाडाला लागतं? ही सूट वस्तूला नाही, खाणाऱ्याला आहे.

या शास्त्रात एक भेद फार मोलाचा आहे. गुण वेगळा, भूमिका वेगळी. गुण वस्तूच्या अंगात असतो, भूमिका तिला लोक देतात. मांस वाळलेलं असणं हा गुण. मांस अपवित्र असणं ही लादलेली भूमिका. अस्पृश्यता म्हणजे दुसरं काय? लोकांनी दिलेली भूमिका अंगातला गुण म्हणून खपवली.

आम्ही गिरणीवाले हे जाणतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. सुताचा काउंट मोजता येतो. थुंकीतली जात कुठल्या काट्यावर मोजली?

कुणी म्हणेल, मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनीच मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. सांगितलंच. पण त्या मांसामागं गावकीचं ओझं होतं. मेलेलं ढोर ओढायचं आणि त्यावरच जगायचं. सोडायचं होतं ते गुलामीचं नातं. मांसाचा गुण तोच, नातं वेगळं.

म्हणून मला रकान्यांची ही कोरडी भाषा आवडते. ती आजीच्या दोरीकडं बघून नाक मुरडत नाही. पण ती अपुरीही आहे. एक दिवस ढीगभर मांस आणि पुढं महिनाभर काही नाही, म्हणून ते वाळवावं लागलं, हे ‘उन्हात वाळवलेलं’ या दोन शब्दांत येत नाही. भूक वस्तूचा गुण नव्हे. ती कुणीतरी कुणावर आणलेली असते.

तेव्हा दोस्तहो, यादीत चान्या आल्याच पाहिजेत, वजडी आली पाहिजे, आपल्याच नावानं. ज्याला नाव नाही ते ‘इतर’ मध्ये जातं, आणि ‘इतर’ म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. रकाना शास्त्रानं भरावा. त्याच्या शेजारचा इतिहास आपण लिहायचा.