साठीनंतरचा डावा हात

शास्त्रपाठ : गणना ८:२३-२६, १ इतिहास २५:१-८



लेव्यांनी सेवा किती वर्षे करावी हे देवाने मोशेला सांगून ठेवले होते. पन्नासावे वर्ष लागले की त्यांनी दर्शनमंडपाचे मेहनतीचे काम सोडावे. मात्र आपल्या भाऊबंदांबरोबर राहून त्यांना साहाय्य करावे. म्हणजे खांद्यावरचे ओझे उतरवले, पण माणसाला मंडपाबाहेर काढले नाही. निवृत्तीचा हा अर्थ आपल्या मंडळ्यांत फारसा सांगितला जात नाही. निरोपाचा हार गळ्यात पडला की मनुष्य उपासनेतही मागच्या बाकावर जाऊन बसतो, आणि आपण त्याला तेथेच बसू देतो.

आम्ही इंदूरच्या सांवेर रोडवरील कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेली काही माणसे. कोणी लेथवर होता, कोणी फिटर, कोणी स्टोअरमध्ये. उपासनेला वाजवणारी तरुण मुले नोकरीसाठी परगावी गेली आणि वाद्य मुके राहू लागले, म्हणून साठीनंतर आम्ही पियानो शिकावयास बसलो. शिकवणारी आमच्या नातीच्या वयाची आहे.

पेटी आमच्यापैकी पुष्कळांना येते. पण पेटीवर डावा हात भात्यात गुंतलेला. सूर सारे उजव्या हाताचे. पियानोवर डाव्या हाताला खर्ज सांभाळावा लागतो, आणि चार भागांच्या गीतात बास व टेनर बहुधा त्याच्याच वाट्याला येतात. चाळीस वर्षे भजनांना साथ केलेल्या मनुष्याचा डावा हात येथे पहिलीतले पोर होतो. कानाला सर्व ठाऊक, बोटांना काहीच नाही. आपली चूक जितकी स्पष्ट ऐकू येते तितका म्हाताऱ्याचा धीर लवकर सुटतो.

रीत साधी आहे. एकेक हात निराळा, तोही अगदी सावकाश. सूर आठ, बोटे पाच. तेव्हा उजव्या हाताच्या तिसऱ्या बोटानंतर अंगठा तळहाताखालून सरकवून चौथ्या सुरावर आणावयाचा. मनगट सैल, खांदे खाली. ज्या हातांनी नटबोल्ट आवळले ते येथेही जोर लावतात. परंतु इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हे वाद्य रचले ते असे, की हातोडी तारेला भिडण्यापूर्वीच पट्टीपासून मोकळी होते. मग पट्टी कितीही दाबा, सुरात भर पडत नाही. फिटरला झाकण उघडून दाखवले की हे तत्काळ पटते. बोटांना पटावयास महिने लागतात. (मुलासुनांशी बोलताना वडीलधारी माणसे पुष्कळदा हेच करतात. शब्द केव्हाच पोहोचलेला असतो, तरी दाबीतच राहतात.)

दावीदाने आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांतून गायनवादनासाठी २८८ जण नेमले. त्यांचे बाराबारांचे २४ वर्ग झाले. वर्गांच्या चिठ्ठ्या टाकताना लहान व थोर, गुरु व शिष्य असा भेद केला नाही. येथे आपण थांबून विचार करावा. ज्यांना शास्त्र निपुण म्हणते त्यांच्याच गणतीत शिष्यही आहे. शिकून पुरे झाल्यावर त्याला सेवा मिळाली नाही. सेवेत असतानाच तो शिकत होता.

मराठी मंडळीला हे नवे नाही. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख लग्नानंतर झाली. १९१९ साली रेव्ह. टिळक प्रभूकडे गेले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरे केले.

आमच्यापैकी कोणी उत्तम वादक होईल असे नाही. एका बंधूचे एक बोट यंत्रात गेले आहे. त्यांना नऊ बोटांनी वाजवता येईल अशी मांडणी शिकवणारीने वहीत लिहून दिली. दुसऱ्यांची बोटे थंडीत आखडतात, म्हणून ते आधी कोमट पाण्यात हात धरून बसतात. देवाने या हातांचे ओझे उतरवले आहे, सेवा काढून घेतलेली नाही. तेव्हा हे हात त्याच्यापुढे अर्धेमुर्धे शिकलेलेच आणावे लागतात, आणि तो ते घेतो असा आमचा विश्वास आहे.

मंडळीला एवढीच विनंती. पुढील महिन्यापासून उपासनेतील एक गीत आम्ही वाजवू. ते संथ जाईल. ओळीच्या शेवटी डावा हात पोहोचेपर्यंत थांबावे, पुढे पळू नये. सूर चुकल्यास मागे वळून पाहू नये. मागच्या बाकावरील कोणाला शिकावयाचे असेल तर उपासना संपल्यावर वाद्यापाशी यावे. शिकवणारी वयाने लहान आहे. तिला बाई म्हणावे.