वाया जाणारे पाणी

बेळगाव जिल्ह्यातील हिडकल धरणाचे पाणी धारवाडच्या औद्योगिक वसाहतीला देण्याच्या वादात पुन्हा तेच समर्थन ऐकू आले की, धरण भरल्यावर जादा पाणी नाहीतरी वायाच जाते. रोजगाराचे समर्थन निदान ऐकून घेण्याजोगे आहे, पिण्याच्या पाण्याचे तर प्रत्येक योजनेच्या पहिल्या पानावर असतेच. चौकशी व्हायला हवी ती 'वाया' या शब्दाची.

हाच शब्द म्हादई नदीच्या पाण्यालाही लावला जातो. खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे गाव जलविभाजकावर, म्हणजे पावसाचे पाणी जिथून दोन खोऱ्यांत वाटले जाते त्या उंचवट्यावर, वसले आहे. माउली मंदिरापाशी उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कूडलसंगमाशी कृष्णेला मिळते आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. कळसा नाला पश्चिमेकडे म्हादईत उतरून अरबी समुद्र गाठतो. दोन्हींचा शेवट खाऱ्या पाण्यातच होत असताना पूर्वेचे पाणी जीवनदायी आणि पश्चिमेचे वाया कसे, हे कोडे सुटत नाही. म्हादईचे गोडे पाणी खाडीत भरतीला भेटते म्हणून गोव्यातील चोडण बेटावरची खारफुटी जगते, पण खारफुटी पाणीपट्टी भरत नाही, हा तिचा अपराध. याच हिशेबाने महिन्याचा पगार वाण्याच्या दुकानात वाया जातो असे म्हणावे लागेल. म्हादई पाणीतंटा लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला दिलेल्या 13.42 टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) 3.9 टीएमसी मलप्रभेकडे वळवायचे आहे. तेही पुढे समुद्राकडेच निघेल, तेव्हा त्याला काय म्हणायचे?

बेंगळुरूत आयटी पार्कांच्या शेजारचा बेळ्ळंदूर तलाव शहराचे सांडपाणी गिळत राहिला आणि 2015 मध्ये त्यावरचा फेस पेटला; ते पाणी वाया गेले, असे म्हणायला कोणी पुढे आले नाही. बसायला बाकही नसलेल्या वसाहतींना 'पार्क' म्हणण्याची हौस मात्र वाढतेच आहे. अर्थात बेळगावने आपल्या औद्योगिक वसाहतीला उद्यमबाग हे नाव ठेवून ती आधीच भागवून घेतली होती.

कारखान्याने वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरावे, मगच नवी जलवाहिनी मागावी, हे तत्त्व सरळ आहे. खानापूर तालुक्यातील मुले त्याच उद्यमबागेत आणि मच्छ्यातल्या कारखान्यांत कामाला जातात, म्हणून ते फार चढ्या आवाजात कोणी मांडत नाही, इतकेच.

हिडकलच्या जलाशयात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर पाणी उतरले की उघडे पडते, गाळाने माखलेल्या दगडी भिंतींसकट. ज्यांना पाणी जादा झाल्यासारखे वाटते, त्यांनी ते मे महिन्यात चालत जाऊन पाहून यावे.