उसना चंद्र

दुसऱ्याने टिपलेले छायाचित्र पाहून आपणही तसेच काही टिपावे, असे वाटणे ही प्रेरणा म्हणावी की हाव? प्रश्न किरकोळ वाटेल. सातवी आज्ञा येथे आड येत नाही, कारण चंद्र, डोंगर आणि मावळतीचे ऊन कोणाच्याच मालकीचे नाही. परंतु दहाव्या आज्ञेपाशी आम्ही थबकतो. ती हाताविषयी नसून मनाविषयी आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला तो अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४) या अमेरिकन छायाचित्रकाराच्या एका चित्राने. न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ हे लहानसे खेडे. चित्रात खाली मातीच्या भिंतींचे चर्च, शेजारच्या दफनभूमीत पांढरे क्रूस, दूरवर हिमाच्छादित डोंगर व ढगांचा पट्टा, आणि वर अफाट काळ्या आकाशात एकाकी चंद्र. त्या दिवशी मनाजोगते काही न गवसल्याने अ‍ॅडम्स सांता फेकडे परतत होते. दृश्य दिसताच त्यांनी गाडी थांबवली. प्रकाशमापक काही केल्या सापडेना. पण चंद्राच्या तेजाचे माप, चौरस फुटाला २५० कँडल, त्यांना पाठ होते. त्याच आधारावर हिशेब करून त्यांनी एक चित्र घेतले. दुसरे घेण्याआधीच क्रुसांवरचे ऊन सरले.

चित्राची तारीख त्यांनी नोंदवून ठेवली नव्हती. चंद्राच्या स्थानावरून गणित मांडून १९९१ साली ती १ नोव्हेंबर १९४१ अशी निश्चित करण्यात आली. म्हणजे सर्व संतांचा सण! हा योग अ‍ॅडम्स यांनी जुळवून आणलेला नव्हता, त्यामुळे त्यात दैवी संकेत शोधण्याचा मोह आम्ही आवरतो. तरी मन तेथे रेंगाळतेच.

या एका निगेटिव्हवरून त्यांनी आयुष्यभरात तेराशेहून अधिक प्रती काढल्या. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडे आहे, त्यात ढगांच्या फिकट रेघाही दिसतात. उत्तरकाळात ते जवळजवळ काळेकुट्ट झाले. मग हे असत्य म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी केलेल्या या माणसाला निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रत हे तिचे वादन वाटे. आपण काय केले ते त्यांनी लपवले नाही, उलट पुस्तके लिहून शिकवले. वाचकांपैकी कोणी असहमत असतील, तर त्यांच्याशी वाद घालायला आम्हांला आवडेल.

आमची अडचण निराळीच होती. २ नोव्हेंबर २००९ रोजी मृतांचा स्मरणदिन आणि पौर्णिमा एकत्र आली. वसईच्या आमच्या दफनभूमीतून पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर दिसतात. चंद्र, क्रूस, डोंगर! अ‍ॅडम्स यांचे सारे साहित्य आमच्या दारात आले होते. तिपाई लावून आम्ही तासभर आधीच उभे राहिलो. थडग्यांवर शेवंतीचे हार होते, माणसे गुडघे टेकून प्रार्थना करीत होती. आमच्या चौकटीच्या ऐन मध्यावर एक वृद्ध बाई एका कबरीपाशी बसली होती. चंद्र वर येऊ लागला, ऊन फिके होत चालले, आणि आमच्या मनात आले : ही बाई आता उठेल तर बरे.

हे लिहिताना आजही संकोच वाटतो. ज्यांच्या स्मरणासाठी तो दिवस, त्यांच्यासाठी आलेली ती, आणि आम्हांला ती अडगळ वाटली! अ‍ॅडम्स यांच्याकडून आम्ही चंद्र उसना आणला होता, काळे आकाशही आणले होते; पण समोर जे आहे ते तत्काळ ओळखण्याची त्यांची तयारी मात्र आणली नव्हती. त्यांना ते दृश्य रस्त्यात अवचित भेटले. आम्ही ते आधीच ठरवून आलो होतो आणि त्यात त्या बाईला जागाच ठेवली नव्हती.

वाऱ्याने तिची मेणबत्ती विझली. मागे वळून तिने विचारले, “बाबा, आगपेटी आहे का रे?”

आगपेटी आमच्या खिशात होती. आडोशाला हात धरून वात पेटवायला तीन काड्या लागल्या. कबर तिच्या मुलाची होती; त्याच्याविषयी ती बराच वेळ बोलत राहिली. परत तिपाईपाशी आलो तेव्हा चंद्र माडांच्या शेंड्यांवर पोहोचला होता आणि क्रूस अंधारात बुडाले होते. त्या संध्याकाळचे एकही छायाचित्र आमच्यापाशी नाही.