बाटली खाली ठेव आणि नीट ऐक

जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर काल तू टाकलेला मजकूर मी दोनदा वाचला. गवती चहाच्या तेलानं कर्करोगाच्या पेशी मरतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, कोमट पाण्यात रोज पाच थेंब घ्या, शंभर टक्के नैसर्गिक, दुष्परिणाम शून्य. खाली तुझं नाव आणि नावापुढे एम.एस्सी., रसायनशास्त्र. सल्ला कुणाला, तर तुझ्याच वर्गमित्राच्या आईला, जिची केमोथेरपी चालू आहे. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. ज्याला शिकायची संधी मिळाली नाही त्यानं हे लिहिलं असतं तर शेजारी बसवून समजावलं असतं. तुला मी शिकवलंय.

ज्या शोधाचा हवाला देतोस तो मुळात वाचलास का? २००५ साली इस्रायलमधल्या बेन गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘प्लांटा मेडिका’ या नियतकालिकात तो छापला. गवती चहाला लिंबाचा वास देणारं सिट्रल त्यांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर सोडलं. त्या पेशी मरू लागल्या. काम चांगलंच होतं. पण बशीतल्या पेशींना जठर नसतं, यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं. प्यायलेलं सिट्रल शरीरात झपाट्यानं मोडतं आणि बहुतेक लघवीवाटे निघून जातं. बशीत पेशी ब्लीचनंही मरतात. पेशी मेल्या आणि रोगी बरा झाला, या दोन वाक्यांच्या मधे प्राण्यांवरचे प्रयोग येतात, मात्रा ठरवणं येतं, माणसांवरच्या चाचण्या येतात, त्यात वर्षानुवर्षं जातात. गवती चहानं माणसाचा कर्करोग बरा होतो असं दाखवणारी एकही चाचणी नाही. तू ते सगळं अंतर एका ओळीत ओलांडलंस.

आता गणित कर. ताज्या पातीतून ऊर्ध्वपातनानं वजनाच्या साधारण ०.२ ते ०.५ टक्के तेल निघतं. तू विकतोस त्या १० मिलिलिटरच्या बाटलीत अंदाजे ९ ग्रॅम तेल आहे. म्हणजे एका बाटलीत जवळजवळ दोन ते साडेचार किलो पात आटलेली आहे. तुझे पाच थेंब म्हणजे पन्नास ते शंभर ग्रॅम पात. आपल्या घरी चहाच्या आधणात दोन पाती चुरगळून टाकतात, आणि त्यातलंही बरंचसं तेल वाफेबरोबर उडून जातं. घरभर दरवळतो तो वास त्याचाच. त्या चहाला माझी हरकत नाही, मीही रोज पितो. पण पिढ्यान्‌पिढ्या चहा प्यायल्याचा दाखला देऊन बाटली विकायची, हा अप्रामाणिकपणा आहे.

आणि पाण्यात थेंब? तेल पाण्यात विरघळत नाही हे आठवीतलं पोर सांगेल. त्याचा तवंग येतो आणि तो तसाच, पातळ न होता, ओठाला आणि जिभेला लागतो. केमोथेरपीनं त्या माउलीचं तोंड आतून सोललेलं असेल, पाण्याचा घोटही झोंबत असेल. तिथं तू हे पोचवणार होतास, तेही तिच्या डॉक्टरांना अंधारात ठेवून.

झोप येते, चिंता जाते, असंही लिहिलंयस. १९८६ साली ब्राझीलमध्ये हे तपासलं गेलं. ५० जणांना कधी गवती चहा, कधी नुसतंच बनावट पेय दिलं. कोणतं काय हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. झोपेत काही फरक दिसला नाही. चिंताग्रस्त माणसांवरही पडला नाही. त्याच संशोधनात निरोगी माणसांना दोन आठवडे चहा देऊन त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा साखर, कोलेस्टेरॉल जिथल्या तिथं आणि अपायही नाही. कोंड्यावर मात्र थायलंडमध्ये ३० जणांवर झालेल्या छोट्या चाचणीत तेलाच्या टॉनिकचा चांगला उपयोग दिसला. तुझ्या बाजूचा पुरावा असेल तर तोही मी सांगेन. तेवढाच सांगेन, फुगवून नाही.

‘दुष्परिणाम शून्य’ हे शब्द तर आधी खोड. सिट्रलनं त्वचेला ॲलर्जी होते हे जगजाहीर आहे. युरोपात क्रीमसारख्या अंगावर राहणाऱ्या वस्तूत ते ०.००१ टक्क्याच्या वर असलं, तरी वेष्टनावर छापावं लागतं. सुगंधी तेलांच्या सुरक्षिततेवर लिहिणारे टिसरँड आणि यंग अंगाला लावायची मर्यादा ०.७ टक्के सांगतात. म्हणजे ३० मिलिलिटर खोबरेल तेलात चार थेंब, आणि तेही आधी हातावर लावून पाहून. गरोदर बाईनं तेल पोटात घेऊ नये. लहान मुलांच्या हाती बाटली लागू नये, कारण गिळताना तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. दमेकऱ्याच्या खोलीत डिफ्यूझर लावू नये. यातलं एक अक्षरही तुझ्या मजकुरात नाही.

त्या घरातली माणसं घाबरलेली आहेत. घाबरलेला माणूस पदवी बघून विश्वास ठेवतो, हे तुला पुरेपूर कळतं, म्हणून तर तू ती नावापुढे लिहिलीस.

आज संध्याकाळच्या आत मजकूर काढून टाक आणि त्याच ग्रुपवर, तितक्याच ठळक अक्षरांत, तो चुकीचा होता असं लिही. मित्राला स्वतः फोन कर, मेसेज नको. आईनं तेल घेतलं असेल तर बंद करायला सांग, किती घेतलं ते विचार आणि तिच्या डॉक्टरांना कळवायला लाव. बाटलीचे पैसे परत दे. हे झालं की मला फोन कर, त्याआधी नको.