पत्ता आणि अपराध

जगात पत्ते दोन प्रकारचे असतात. एक माणसाला कळणारे आणि दुसरे टपालखात्याला कळणारे. आमच्या पुलगावात पहिल्या प्रकाराचे पीक मोठे. "स्टेशनातून बाहेर निघा, जुन्या आर्वी गाडीच्या रुळांकडे वळा, मग कोणालेही विचारा." यातली ती नॅरोगेज गाडी कधीच बंद झाली, पत्ता मात्र वेळापत्रकाप्रमाणे चालू आहे. दुसरा प्रकार म्हणजे सहा आकडी पिनकोड. तो अचूक असतो, पण नुसता पिनकोड विचारत कोणी पाहुणा जेवायच्या वेळेला पोचल्याचे ऐकिवात नाही.

संगणकाच्या पोटात फक्त दुसऱ्या प्रकारचे पत्ते असतात, हे ज्ञान मला माझ्या भाच्याने दिले. तो पुण्याला एका कंपनीत आहे. चालता चालता मेलेल्या प्रोग्रॅमांचा पंचनामा करणे ही त्याची नोकरी.

त्याचे सांगणे असे. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस तुमच्या-आमच्यासारखा ओळींत लिहितो. ओळींना क्रमांक असतात, ओळींतल्या वस्तूंना 'शिल्लक', 'व्याज' अशी समजणारी नावे असतात. मग कंपायलर नावाचा दुभाषा ते सारे यंत्राच्या बोलीत उतरवतो. यंत्राला नावागावाशी कर्तव्य नाही. तिथे प्रत्येक आज्ञेला एक पत्ता, तोही सोळाच्या हिशेबातला. नवाच्या पुढे आकडे संपले की ए, बी, सी सुरू. प्रोग्रॅम कोसळला की हातात एवढाच एक पत्ता उरतो. म्हणजे मयताच्या खिशात फक्त पिनकोड सापडावा तसे!

"मग ओळ सापडते कशी रे?" मी विचारले.

"मामा, कंपायलरला आधीच सांगून ठेवायचं. मग तो भाषांतर करताकरता एक तक्ता बनवतो. कुठला पत्ता कुठल्या फाइलीतल्या कितव्या ओळीतून आला, ते त्यात असतं."

या तक्त्याच्या एका प्रचलित पद्धतीला 'ड्वॉर्फ' म्हणतात, आणि तो ज्या फाइलीत राहतो तिला 'एल्फ'. पहिल्याचा अर्थ बुटका, दुसऱ्याचा साधारणपणे यक्ष. पत्ता सांगितला की तक्ता पाहून ओळ सांगणारा एक छोटा प्रोग्रॅमही आहे, 'ॲड्र-टू-लाइन' नावाचा. तक्ता नसला की तो उत्तर देतो: दोन प्रश्नचिन्हे, एक विसर्ग आणि एक शून्य. आमच्या वरच्या ऑफिसातून येणाऱ्या उत्तरांचा आशय हाच असतो. फक्त ती दोन पाने जास्त असतात.

मी बी.कॉम. माणूस. मला या तक्त्याचे नवल वाटले नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा लेजरांचे शेवटचे दिवस होते. आकड्याशेजारी खातेपानाचा रकाना असे आणि कडेला कोणाची तरी सही. संध्याकाळी ताळा जुळला नाही की फरकाला नऊने भागायचे. भाग गेला, तर कोणीतरी 54 चे 45 केले असा संशय. नाही गेला, तर दोनने भागायचे. निम्म्या रकमेची नोंद उलट्या बाजूला पडलेली असायची. ड्वॉर्फ नव्हता, पण आमचे जुने हेडक्लार्क उंचीने फारसे वेगळे नव्हते.

खरी गंमत पुढे आहे. पत्ता मिळाला, ओळही मिळाली, तरी गुन्हेगार मिळतोच असे नाही. एक तर प्रोग्रॅम दर वेळी नव्या जागी बिऱ्हाड मांडतो, आमच्या बदलीच्या नोकरीसारखे. जुन्या जागेच्या हिशेबाने गेलात तर भलत्याचीच कडी वाजवाल. शिवाय यंत्र पुष्कळदा लिहून ठेवते तो परतीचा पत्ता, म्हणजे काम सोपवल्यानंतर जिथे यायचे तो. तो तसाच पाहिला तर कधी कधी पुढची ओळ सापडते आणि शेजारच्याच्या नावाने वॉरंट निघते. जाणकार आधी त्यातून एक वजा करतात.

पण मोठा घोटाळा याहून साधा आहे. समजा, 212 वी ओळ भागाकार करताना कोसळली. ती बिचारी आपले नेमून दिलेले काम करत होती. भाजक म्हणून शून्य आणून दिले ते दुसऱ्याच फाइलीतल्या 40 व्या ओळीने, आणि ती मजेत पुढे गेली. पत्ता मात्र 212 चा लागतो.

आता दोष कोणाचा? हा प्रश्न तुम्हाला संगणकाचा वाटला असेल, तर तुम्ही बँकेच्या काउंटरमागे कधी बसलेला नाहीत. एटीएममधून नोटा न येता खात्यातून पैसे वजा होतात. बिघाड कुठल्या शहरातल्या कुठल्या यंत्रात, देव जाणे. माणूस माझ्यापुढे उभा राहतो. "पैसे तर कटले ना जी, मंग निघाले काहून नाही?" त्याच्या लेखी मी 212 वी ओळ आहे.

माझ्यासारख्याचे शिव्यांवर निभावते. ब्रिटनमध्ये निभावले नाही. तिथल्या पोस्टांत 1999 पासून 'होरायझन' नावाची, फुजित्सू कंपनीची संगणकप्रणाली आली आणि भल्या भल्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. तूट काउंटरवर दिसली, म्हणून चोर काउंटरवर. 2015 पर्यंत नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. कोणी पदरचे भरले, कोणी घर विकले. भारतीय वंशाची एक पोस्टमास्तरीण 2010 साली गरोदरपणी तुरुंगात गेली. ती प्रणालीच सदोष होती, हे तिथल्या हायकोर्टाने डिसेंबर 2019 मध्ये सांगितले, आणि 2024 साली पार्लमेंटला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

भाच्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "मामा, असं मागं मागं जायला लागलं तर दोष कोणाचाच उरणार नाही. प्रत्येक जण मागच्या ओळीकडे बोट दाखवेल."

मुद्दा बिनतोड वाटतो, पण तसा नाही. मागे जाण्यालाही शेवट असतो. 40 व्या ओळीशी तो येतो आणि ती ओळ दुरुस्त करावी लागते. ती कोणी लिहिली हे सांगणारी सोयही आहे, तिचे नावच 'ब्लेम'. ती बहुधा अशा गृहस्थाचे नाव सांगते ज्याने फक्त समास सरळ केला होता. म्हणजे तिथेही जरा आणखी मागे जावे लागते. कष्टाचे काम आहे, अशक्य नव्हे. पत्ता हे चौकशीचे पहिले पान आहे. आपण ते निकालपत्र म्हणून वाचतो.

आणि तो तक्ता? गिऱ्हाइकाला प्रोग्रॅम देताना कंपन्या पुष्कळदा तो काढून घेतात आणि आपल्या कपाटात ठेवतात. फाइल हलकी होते, गुपितही राहते. त्यात गैर काही नाही. पण मग ज्याच्या कपाटात तक्ता, त्याच्याच अंगावर पुराव्याचा भार, असे माझे मत आहे. ज्याच्याजवळ नुसता पत्ता आहे, त्याच्याकडून खुलासा मागणे म्हणजे पोस्टमनला पत्रातल्या मजकुराबद्दल धरण्यासारखे आहे.

तेव्हा काउंटरवरच्या माणसाला चार शब्द बोलायचे असतील तर खुशाल बोला. ऐकून घेण्याचाच त्याला पगार मिळतो. शिक्षा करायची वेळ आली, तर मात्र आधी तक्ता मागा.