शिरस्तेदारांचा अन्नत्याग

ज्या समाजात पाहुणा दोन्ही हात ताटावर आडवे धरून ‘पुरे, पुरे’ म्हणत असताना त्या हातांच्या फटीतून आणखी एक पुरणपोळी सरकवणे हा स्नेहाचा सर्वमान्य पुरावा समजला जातो, त्या समाजात बहात्तर वर्षे काढलेल्या आणि त्यांपैकी पस्तीस वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात घालवलेल्या माझ्यासारख्या गृहस्थावर, गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सी येथे मुलीच्या घरी मुक्काम असताना, कोणाच्याही आग्रहाला भीक न घालणाऱ्या एका जीवाला जेवू घालण्याची जबाबदारी येऊन पडली. मुलगी आणि जावई सकाळी कामावर जात, नात शाळेत जाई आणि घरात आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी व जाळीच्या उंच पिंजऱ्यात मनीप्लँटच्या वेलीवर बसलेला तो सरडगुहिरा, एवढीच वस्ती उरे.

सरडगुहिरा हा शब्द आता फारसा कानी पडत नाही. काही भागांत त्यालाच घोयरा म्हणतात. लहानपणी बाभळीच्या कुंपणावर, पाऊल उचलावे की न उचलावे अशा विचारात जागच्या जागी डुलणारा हा प्राणी आम्ही पाहिला होता आणि तो विषारी असल्याच्या निखालस खोट्या समजुतीपायी त्याच्यावर धोंडेही मारले होते, हे आज कबूल केलेले बरे. आपल्या देशात त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि तो घरी पाळणे हा गुन्हा आहे, तेव्हा माझी हकीकत ऐकून कोणी मोहात पडू नये. नातीजवळचा प्राणी त्याच कुळातला, परंतु मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ मुलखातला. त्याच्या पिढ्यान् पिढ्या अमेरिकेत पिंजऱ्यातच जन्मत आल्या आहेत आणि तिकडे तो दुकानात विकत मिळतो. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे, मुद्रेवर अखंड गांभीर्य, आणि दोन डोळे दोन दिशांना असे स्वतंत्र फिरणारे, की एका डोळ्याने अर्जदाराकडे आणि दुसऱ्याने टेबलावरच्या कागदाकडे पाहणारे आमच्या कचेरीतले जुने शिरस्तेदार मला तत्काळ आठवले. मी त्याला शिरस्तेदार म्हणू लागलो आणि ते नाव नातीलाही आवडले.

या शिरस्तेदारांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अन्न कमी केले आणि दुसऱ्या आठवड्यात ते सोडलेच. त्यांचे अन्न म्हणजे रातकिडे आणि झुरळे. झुरळे पैसे मोजून विकत आणली जातात, त्यांना गाजर आणि पालेभाजी खाऊ घालून पुष्ट केले जाते, त्यांच्या अंगावर कॅल्शियमची पांढरी भुकटी पिठीसाखरेसारखी भुरभुरली जाते आणि मग ती वाढली जातात, हे पाहून आमच्या सौभाग्यवतींनी पहिले दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकले नव्हते. परंतु जेवण थांबले तशी त्यांचीच काळजी सर्वांआधी जागी झाली. “अहो, लेकराच्या पोटात काही नाही,” असे त्या मला दिवसातून चार वेळा सांगू लागल्या.

रोमन पंडित प्लिनी याने आपल्या निसर्गवर्णनात हा प्राणी खात नाही, पीत नाही, केवळ हवेवर जगतो असे लिहून ठेवले आणि युरोपात ती समजूत पुढे कित्येक शतके टिकली. आपल्याकडेही सर्पाला पवनाशन म्हणजे वारा भक्षण करणारा म्हणतच असत, तेव्हा प्लिनीला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. वस्तुस्थिती अशी, की ज्या जिभेने हा प्राणी जेवतो ती त्याच्या शरीराच्या दीडपट-दुपटीपर्यंत लांब फेकली जाते आणि पापणी लवण्याच्या आत भक्ष्यासह परत येते. तिच्या टोकावरचा द्रव मनुष्याच्या लाळेच्या सुमारे ४०० पट दाट असल्याचे २०१६ साली संशोधकांनी मोजून दाखवले आहे. इतके अद्भुत आयुध तोंडात बाळगणारा प्राणी समोर रातकिडा चालत असताना एक डोळा त्याच्याकडे वळवतो, दुसरा वळवतच नाही, आणि मग पहिलाही काढून घेतो, हे दृश्य पाहणाऱ्याला फार अपमानास्पद वाटते. दोन्ही डोळ्यांचे एकमत झाल्याशिवाय ती जीभ सुटत नाही, आणि ते एकमत होत नव्हते.

मी आग्रहाला लागलो. ‘हा काऊचा, हा चिऊचा’ म्हणत नातवंडांना भरवलेला अनुभव पाठीशी होता. मी लांब चिमट्यात झुरळ धरून ते त्यांच्या नाकासमोर नेले. शिरस्तेदारांनी अंग फुगवले, तोंड वासून फूत्कार केला आणि पाहता पाहता त्यांचा वर्ण काळसर झाला. हा प्राणी लपण्यासाठी भोवतालचा रंग घेतो असे आपण समजतो आणि राजकारण्यांना त्याची उपमा देतो. प्रत्यक्षात त्याचा रंग बहुतांशी ऊब, राग, भीती आणि शरीराची अवस्था यांवर पालटतो. तो काळिमा म्हणजे माझ्या अर्जावर मारलेला ‘नामंजूर’चा शेरा होता. तरीही मी तीन दिवस तोच अर्ज पुनःपुन्हा सादर करीत राहिलो, हे सांगायला मला आज संकोच वाटतो.

नात दहा वर्षांची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही त्याच्याकडे इतकं बघू नका ना. तो घाबरतो.”

मुलांचे बोलणे आपण कौतुकाने ऐकतो, पण दखल घेत नाही. मी मात्र त्या दिवशी चिमटा खाली ठेवला, एक वही घेतली, आणि मामलेदार कचेरीत शिकलेली एकच विद्या तेथे लावली. वादी बोलत नसेल तर स्थळपाहणी करावी. रोजनामा सुरू झाला. दिवा कधी लागला, फांदीवर उष्णता किती, पाणी किती वेळ शिंपडले, विष्ठेबरोबर पडणारा पांढरा भाग पांढराच आहे की नारिंगी झाला आहे, कारण नारिंगी झाला तर शरीरात पाणी कमी पडले असे समजावे, ही सर्व कलमे त्यात आली. पाहणीत बऱ्याच गफलती उघडकीस आल्या. उष्णतामापक टांगला होता एका कोपऱ्यात आणि प्राणी ऊब घेत बसे दुसऱ्या कोपऱ्यात. जेथे तीस अंशांच्या आसपास ऊब हवी तेथे ती पस्तिशीच्या वर जात होती. अतिनील किरणांची नळी वर्षाहून जुनी होती. अशी नळी डोळ्यांना लख्ख दिसत राहते, पण हाडांसाठी लागणारे जीवनसत्त्व अंगात तयार करणारे किरण तिच्यातून कधीच ओसरलेले असतात. म्हणजे वेतन चालू आणि काम बंद, हा प्रकार केवळ सरकारी खात्यातच चालतो असे नाही. पिंजऱ्यात पाण्याची सुबक वाटी ठेवली होती आणि तिचा उपयोग शून्य होता, कारण हा प्राणी साचलेले पाणी सहसा ओळखत नाही. पानांवर ओघळणारे थेंब दिसले तरच तो पितो. शिवाय पिंजरा जमिनीलगत, येण्याजाण्याच्या वाटेवर. झाडाच्या शेंड्याकडे राहणाऱ्या जीवाला वरून डोकावणारा प्रत्येक चेहरा हा ससाण्याचाच चेहरा वाटणार. आम्ही पिंजरा मेजावर चढवला, नळी बदलली, दिवा उंच केला, पाण्याची बारीक धार पानांवर सोडली. शिरस्तेदारांनी दहा मिनिटे पाणी प्यायले. अन्नाला मात्र शिवले नाहीत.

आणि मग रोजनाम्यात सलग तीन दिवस एकच नोंद आली, जिचा अर्थ तोवर मला लागला नव्हता: ‘सकाळी खाली उतरला. कोपऱ्यातील तळ पुढील पायांनी खरवडला.’ उंचावर राहणारा प्राणी आपण होऊन जमिनीवर का उतरतो, आणि उतरून ती का उकरतो? जन्मभर सातबाऱ्याचे उतारे तपासलेल्या माणसाला हा प्रश्न तीन दिवस पडू नये, याचे मला अजून नवल वाटते. तो दावा अन्नाचा नव्हता, जमिनीचा होता.

सरपटणाऱ्या प्राण्यांची डॉक्टरीण तासाभराच्या अंतरावर होती. तिने प्रथम मागचे पाय पाहिले. या जातीच्या नराच्या टाचेवर जन्मापासून एक लहानसा काटा असतो. येथे तो नव्हता. विकणाऱ्याने नर म्हणून दिलेला आणि आम्ही शिरस्तेदार म्हणून मिरवलेला हा जीव मादी होती, आणि क्ष-किरणांच्या चित्रात तिचे पोट अंड्यांनी काठोकाठ भरलेले दिसत होते. नराची गाठ पडली नसतानाही या माद्या कोंबडीप्रमाणे अंडी धरतात. घालण्यापूर्वीचे काही दिवस खात नाहीत, कारण पोटात जागाच उरत नाही. आणि अंडी घालण्याजोगी ओली, खोल माती मिळाली नाही तर ती आत अडकून मादी प्राणास मुकते. आमच्या घरात गर्भवतीचे डोहाळे पुरवण्याची परंपरा मोठी. आणि येथे एक गर्भवती रोज सकाळी खाली उतरून आपला एकुलता एक डोहाळा नखांनी लिहून दाखवत होती, तर मी तिच्यापुढे झुरळ नाचवीत होतो.

त्याच संध्याकाळी जावयांनी फूटभर खोलीचे घमेले आणले आणि त्यात वाळू भरली. ती किती ओली करावी याचे प्रमाण सौभाग्यवतींनी ठरवले: मुठीत दाबली असता लाडवासारखी टिकली पाहिजे, म्हणजे बोगदा ढासळणार नाही. पिंजऱ्याभोवती चादर बांधली, कारण खणत असताना कोणी पाहते आहे असे दिसले तर मादी अर्धा खणलेला खड्डा सोडून देते. नातीने दारावर पाटी लावली आणि त्या पाटीतील प्रवेशबंदी प्रामुख्याने आजोबांना उद्देशून होती.

मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. पुराणातील नृग राजाची गोष्ट त्या रात्री आठवली. त्याने दान दिलेली गाय परत येऊन त्याच्याच कळपात मिसळली, ती न कळून त्याने दुसऱ्या ब्राह्मणास दिली, आणि या एका चुकीपायी तो कृकलास म्हणजे सरडा होऊन कोरड्या विहिरीत पडला, तो श्रीकृष्णाने बाहेर काढीपर्यंत. कीर्तनकार या कथेतून दानधर्माचा महिमा सांगतात. मला मात्र ती नेहमी दप्तराची कथा वाटत आली आहे: एकच मिळकत दोघांच्या नावे चढली, नोंद नीट पाहिली नाही, आणि शिक्षा झाली ती विहिरीच्या तळाशी सरडा होऊन पडण्याची. चादरीआड वाळू खरवडल्याचा बारीक आवाज पहाटेपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर आली तेव्हा वाळू पूर्ववत सपाट केलेली होती, इतकी की खड्डा कोठे होता हे शोधावे लागले. ती कृश झाली होती, बरगड्या दिसत होत्या. तिने पाणी प्यायले, थांबली, पुन्हा प्यायले. वाळूत मऊ कवचाची त्रेचाळीस अंडी निघाली. डॉक्टरिणीला ही संख्या कळवली तेव्हा तिने प्रश्न विचारला, की तुम्ही हिला रोज किती खायला घालत होता. मी रोजनाम्याच्या आधीचा अंदाज सांगितला: नोव्हेंबरमध्ये, आम्ही तेथे पोचल्यापासून, दिवसाला दहा-बारा, कधी जास्तही, मागेल तितके, आणि न मागता थोडे. तिने शांतपणे सांगितले, की या माद्या जितके अधिक खातात आणि जितक्या अधिक उबेत राहतात तितकी अधिक अंडी धरतात, आणि प्रत्येक वेळी आयुष्याचा थोडा थोडा भाग खर्च करतात. प्रौढ मादीला एका दिवसाआड तीन-चार किडे पुष्कळ होतात.

म्हणजे तिचे पोट भरवून तिला उपाशी राहायला लावणारा इसम दुसरा कोणी नव्हता. मी हे सौभाग्यवतींना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, “तरी मी म्हणत होते.” काय म्हणत होत्या, हे मी विचारले नाही.

आम्ही मार्चमध्ये परत आलो. नाव शिरस्तेदारच राहिले आहे, फक्त क्रियापद स्त्रीलिंगी झाले. वही नातीने पुढे चालवली आहे आणि दर रविवारी फोनवर ती मला नोंदी वाचून दाखवते. गेल्या रविवारची नोंद अशी होती: रातकिडे तीन, एका दिवसाआड. जास्वंदीचे एक पान, आपण होऊन.