वस्तू, प्रतीक आणि ऋण : व्होडूतील सागरवस्तूंच्या निमित्ताने

समीक्षेच्या परिभाषेत 'प्रतीक' ही संज्ञा इतकी रुळली आहे की तिच्यातील गृहीतकाकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तू प्रतीक आहे असे म्हणताच ती स्वतःपलीकडच्या कशाचा तरी निर्देश करते हे मान्य होते. आणि निर्देश कळला की वस्तू मागे पडली तरी चालते. पवित्र मानलेल्या वस्तूंच्या बाबतीत हे मागे पडणे केवळ आकलनाचा प्रश्न राहत नाही. तो नीतीचाही प्रश्न होतो. हैतीतील व्होडू परंपरेतल्या सागरवस्तू या दृष्टीने विचारार्ह आहेत.

व्होडूत सागराचा अधिपती अग्वे आणि त्याची सहचरी ला सिरेन. अग्वेसाठी जहाजाची छोटी प्रतिकृती मंदिराच्या छताला टांगलेली असते. 'लांबी' हा मोठा शंख फुंकून त्याला आवाहन केले जाते. आरसा आणि कंगवा ला सिरेनचे. ज्याच्या अंगात अग्वे येतो तो खुर्चीवर बसून वल्हे मारू लागतो. निळ्या-पांढऱ्या तराफ्यावर केक, मद्य, अन्न असा नैवेद्य रचून तो भर समुद्रात नेतात. तराफा बुडाला की नैवेद्य पावला.

या वस्तूंचे प्रतीकात्मक वाचन सहज शक्य आहे आणि ते चुकीचेही नाही. पाण्याखाली 'गिनें', म्हणजे पूर्वजांची आफ्रिका आहे. मृताचा आत्मा वर्ष आणि एक दिवस पाण्याखाली राहतो व मग विधीपूर्वक वर आणला जातो, अशी श्रद्धा आहे. ती ध्यानात घेता छताचे जहाज गुलामांच्या जहाजाची स्मृती जागवते आणि बुडणारा तराफा त्या प्रवासाची दिशा उलटवतो, असे म्हणता येईल. १७९१च्या उठावाशीही शंखाचे नाते जोडले गेले आहे. पोर्ट-ओ-प्रिन्समधील अनाम बंडखोर गुलामाचा पुतळा शंखच फुंकतो. परंतु उपासकाचा व्यवहार एवढ्याने संपत नाही. तो तराफ्याचा अर्थ लावीत नाही. तो बुडण्याची वाट पाहतो. प्रतीकाकडून कोणी उत्तराची अपेक्षा करीत नाही. येथे ती अपेक्षा आहे, आणि उत्तर न येण्याची भीतीही.

या व्यवहाराला युरोपीय विचाराने दिलेले नाव 'फेटिश'. शार्ल द ब्रॉस याने १७६० साली ही कल्पना धर्मविचारात मांडली. जड वस्तूला देवत्व बहाल करणारी बालबुद्धी, असा तिचा रोख. परंतु त्यापूर्वीच, १६८५च्या 'कोड न्वार' या फ्रेंच फर्मानाने गुलामांना जंगम मालमत्ता ठरवले होते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माणसांच्या किमतीपोटी मालदीवच्या कवड्याही मोजल्या जात. 'कवडीमोल' हा मराठीत तुच्छतेचा शब्द. तेथे कवडी हिशेबाची होती. माणसाला वस्तू मानणारी व्यवस्था वस्तूत व्यक्ती पाहणाऱ्यांना भ्रमिष्ट ठरवीत होती. वस्तू कोणती आणि व्यक्ती कोण, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हाच येथे खरा वाद आहे. आणि शंखाला दिलेला मान हा त्या वादातील एक प्रतिदावा आहे.

मग अभ्यासकाने श्रद्धा उसनी घ्यावी काय, असा आक्षेप येईल. तसे नव्हे. श्रद्धेचा स्वीकार आणि नात्याची दखल या भिन्न गोष्टी आहेत. १९४१-४२मध्ये कॅथलिक चर्चच्या अंधश्रद्धाविरोधी मोहिमेत हैतीत व्होडूच्या वस्तू जाळल्या गेल्या; १९९५ साली लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयाने याच परंपरेच्या वस्तू कला म्हणून मांडल्या. दुसरी कृती निःसंशय श्रेयस्कर. तरीही प्रेक्षकावर वस्तूचे ऋण नसते. त्याला पाहून निघून जाता येते. उपासकाला ते शक्य नाही. हैतीत माणूस देवतांना 'मानतो' असे म्हणत नाहीत. तो त्यांची 'सेवा करतो' असे म्हणतात.

मराठी वाचकाला येथे देव्हाऱ्यातला शंख आणि गोंधळ्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ आठवणे स्वाभाविक आहे. पण साम्य दिसले म्हणून इतिहास एक होत नाही. लांबी ज्या पाण्यातून येतो त्या पाण्याने कोणाचे पूर्वज गिळले, हे विसरून केलेली तुलना वस्तूला पुन्हा एकदा नुसते प्रतीक करून सोडते. अर्थ लावणे हे समीक्षेचे कामच आहे. मात्र अर्थ लागला म्हणजे ऋण फिटले, असे तिने समजू नये.